थंड हवेतली जास्वंद: कळ्या गळतात, पानं पिवळी पडतात, आणि दरवर्षी तेच

थंड हवेत जास्वंद लावणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. उन्हाळाभर झाड नुसती पानं काढत बसलं. फुलायला लागलं तोवर रात्री गार झाल्या आणि कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन टपाटप गळल्या. कुंडी घरात घेतली, तर दोन-तीन आठवड्यांत खाली पिवळ्या पानांचा सडा. हिवाळा कसाबसा निघाला, वसंतात चार कोंब फुटले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच रहाटगाडगं.

अशा वेळी पहिला उपाय म्हणून पाणी वाढवलं जातं आणि दुसरा म्हणून खत. माझं मत विचाराल तर थंड जागेतल्या जास्वंदीचं बरंचसं दुखणं कुंडीतल्या गार, ओल्या मातीत असतं, आणि हे दोन्ही उपाय तेच दुखणं वाढवतात. म्हणून पानांकडे बघून लगेच काही करू नका. आधी मुळांचं काय चाललंय ते बघा.

पण त्याआधी, झाड नक्की कोणतं?

‘हिबिस्कस’ एवढीच चिठ्ठी लावून तीन अगदी वेगळ्या स्वभावाची झाडं विकली जातात आणि निम्मा घोळ तिथेच होतो. आपली नेहमीची जास्वंद म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. चकचकीत, गर्द हिरवी, वर्षभर टिकणारी पानं. ही उष्ण प्रदेशातली, थंडीला कच्ची. दुसरी हिबिस्कस सिरियाकस. हिची पानं लहान, खाचा असलेली, चकाकी नसलेली आणि हिवाळ्यात पूर्ण गळणारी. ही शून्याखाली २० अंशांच्या आसपासची थंडीही काढते, मात्र वसंतात सगळ्यांच्या मागून फुटते. तिला मेली समजून उपटून टाकणारे बरेच असतात. तिसरी हिबिस्कस मॉस्क्युटोस, ताटाएवढ्या फुलांची. ती हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळते आणि बुडख्यातून पुन्हा वर येते.

दुसरी किंवा तिसरी तुमच्याकडे असेल तर पानगळ हा आजार नाही, तिची रीत आहे. तिला घरात आणून उबेला ठेवणं हाच उलट त्रास. पुढचं सगळं पहिलीसाठी.

तापमानाचे आकडे

जास्वंद खुशीत असते ती साधारण १६ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये. रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जायला लागलं की वाढ थांबते, तयार होत असलेल्या कळ्या पिवळ्या पडतात आणि जुनी पानं गळायला लागतात. हिमदव पडलं तर कोवळे शेंडे काळे पडतात, आणि थंडी टिकून राहिली तर झाड वरून खाली मरत येतं.

आता गंमत अशी की हवामानाच्या अंदाजातला आकडा हवेचा असतो. मुळांना लागतो तो मातीचा. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता वर सोडून देते आणि गार हवा जड असल्यामुळे सखल जागी साचते. बागेच्या खालच्या कोपऱ्यातली कुंडी आणि भिंतीलगतची कुंडी यांच्यात काही अंशांचा फरक सहज पडतो. मातीची कुंडी असेल तर तिच्या अंगातून पाणी झिरपून उडत राहतं, त्यामुळे आतली माती आणखी गार होते. कडक उन्हाळ्यात हा गुण हवाहवासा, थंड हवेत तोच नडतो. इथे मला प्लास्टिकची गडद रंगाची कुंडी जास्त पसंत आहे, दिसायला कितीही साधी असली तरी. स्वयंपाकघरातला काडीसारखा थर्मामीटर मातीत बोटभर खोल खुपसून सकाळी बघा. माती १२-१३ अंशांच्या खाली दिसली तर पाण्याच्या बाबतीत हात आखडता घ्या.

माती ओली, तरी झाड मलूल

हे लक्षण सगळ्यात फसवं. सकाळी स्वच्छ ऊन पडलंय, हवा गार आहे, जास्वंदीने माना टाकल्यात. बोटाने बघितलं तर माती ओली. थंड मुळांची पाणी ओढण्याची ताकद कमी होते, आणि वर पानं मात्र उन्हामुळे पाणी उडवत असतात. घेणं कमी, देणं जास्त, म्हणून मान पडते. त्यात वरून आणखी पाणी घातलं की मातीतली हवा जाते, मुळं गुदमरतात आणि मूळकूज सुरू होते. एकदा मुळं कुजली की झाड खरोखरच तहानलेलं राहतं, मग अजून पाणी. हेच चक्र बरीचशी झाडं घेऊन जातं.

शंका आली तर कुंडी आडवी करा, कडेला दोन थापट्या मारा आणि बुंध्याला धरून मातीचा गड्डा अलगद बाहेर सरकवा. जास्वंद एवढ्याने रुसत नाही. निरोगी मुळं फिकट पिवळसर किंवा पांढरी दिसतात, बोटांना टणक लागतात, आणि गड्ड्याला ताज्या मातीचा वास असतो. कुजलेलं मूळ तपकिरी असतं. ते चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निसटून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. वास आंबूस, गटारीच्या जवळ जाणारा. बहुतेक वेळा ही कूज तळाशी आणि ज्या बाजूला गार वारा लागतो त्या बाजूला आधी दिसते, मध्यभाग अजून चांगला असतो.

थोडीच मुळं गेली असतील तर गड्डा वर्तमानपत्रात गुंडाळून एक रात्र उबदार जागी ठेवा म्हणजे जादा ओल शोषली जाईल, आणि पुन्हा त्याच कुंडीत बसवा. निम्म्याहून जास्त गेली असतील तर कुजकं सगळं स्वच्छ कात्रीने काढा, उरलेल्या मुळांना जेमतेम मावेल एवढ्या लहान कुंडीत, परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) किंवा जाड वाळू घातलेल्या मोकळ्या मिश्रणात लावा, आणि वरच्या फांद्या त्याच प्रमाणात कमी करा. अशा झाडाला खत अजिबात नको. नवीन कोंब हलायला लागेपर्यंत मातीचा वरचा बोटभर थर सुकल्याशिवाय पाणीही नको.

‘मोठी कुंडी दिली की झाड मोठं होईल’ हा हिशेब थंड हवेत उलटा पडतो. मुळं पोचलेली नाहीत ती माती आठवडेच्या आठवडे ओली आणि गार राहते. कुंडी बदलायची ती वसंतात, वाढ सुरू झाल्यावर, आणि आधीच्यापेक्षा चार-पाच सेंटीमीटर रुंद, त्याहून जास्त नाही. हिवाळ्याच्या तोंडावर कुंडी बदलणं तर नकोच.

कोणतं पान पिवळं झालंय?

पिवळं पान म्हणजे खत कमी, असं सरसकट समजू नका. फांदीवर ते कुठे आहे आणि पिवळेपणा कसा पसरलाय, यावर सगळं अवलंबून.

खालची, जुनी पानं एकेक करून पूर्ण पिवळी होऊन गळत असतील आणि शेंडा हिरवागार असेल, तर जागा बदलल्याचा, उजेड घटल्याचा किंवा पाण्याच्या ओढाताणीचा परिणाम. बाहेरून घरात आणल्यावर असं होणारच. जेवढ्या उजेडात झाडाने ती पानं पोसली तेवढा आता मिळत नाही, म्हणून ते खर्च कमी करतं. यावर औषध नाही, आणि लागतही नाही.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, अशी जाळी दिसली तर लोह कमी पडतंय. पण लोह मातीत नसतंच असं नाही. माती गार आणि ओली असेल, किंवा जड, चुनखडीच्या पाण्यामुळे मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) वाढला असेल, तर असलेलं लोहही मुळांना घेता येत नाही. जास्वंदीला किंचित आम्लधर्मी माती मानवते, सामू ६ ते ७ च्या मध्ये. आधी मुळांना ऊब द्या, मग गरज वाटली तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं. पावसाचं पाणी साठवता येत असेल तर तेच वापरा. जुन्या पानांत शिरांमधला भाग पिवळा आणि शिरांलगत हिरवा राहत असेल तर मॅग्नेशियमकडे बघायला हरकत नाही.

पानांवर पांढुरके, सुकलेले, कागदासारखे डाग वसंतात कुंडी बाहेर काढल्यावर दिसले तर ते ऊन लागलेलं आहे, रोग नाही. काचेमागे वाढलेल्या पानांना थेट ऊन सोसत नाही. पहिले आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन. भाजलेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, पण नवी येईपर्यंत ती ठेवा. झाडाला अर्ध्या पानाचाही उपयोग असतो.

कळ्या गळण्याची कारणं

कळी गळते ती देठाच्या वरच्या सांध्यापाशी तुटून, आणि गळण्याआधी ती पिवळी पडते. कारणं एकाहून जास्त असू शकतात, पण थंड बागेत पहिला संशय रात्रीच्या गारठ्यावर घ्यावा. दिवसा २० अंश आणि रात्री ८, अशा हवेत पानं एकवेळ तग धरतात, कळ्या मात्र टिकत नाहीत. संध्याकाळी कुंडी उन्हाने तापलेल्या भिंतीला चिकटवून ठेवली तरी फरक पडतो.

दुसरं कारण पाण्यातली अनियमितता. एकदा खडखडीत सुकवायचं आणि मग चिंब करायचं, हे पानं सहन करतात, कळ्या करत नाहीत. तिसरं उजेड. जास्वंदीला दिवसातून किमान सहा तास ऊन हवं, आणि आकाश ढगाळ असणाऱ्या प्रदेशात तर मिळेल तेवढं सगळं. उजेड कमी पडला की झाड पहिली काटछाट कळ्यांवर करतं.

एक कारण मात्र फार कमी जणांच्या लक्षात येतं: इथिलीन वायू. पिकणारी फळं हा वायू सोडतात, आणि नीट न जळणाऱ्या गॅस किंवा रॉकेलच्या शेगडीतूनही तो येतो. जास्वंदीच्या कळ्या त्याला फार संवेदनशील असतात. घरात आणलेली कुंडी केळ्यांच्या टोपलीशेजारी ठेवली असेल आणि कळ्या एकदम, सगळ्या मिळून गळल्या असतील, तर आधी जागा बदलून बघा. नवीन विकत आणलेल्या झाडाच्या कळ्या पहिल्याच आठवड्यात गळतात त्यालाही बंद खोक्यातला प्रवास, अंधार आणि हाच वायू कारणीभूत असतात. पुढची खेप टिकते.

कळी फाडूनही बघा. आत बारीक, धाग्यासारखे पिवळट किंवा तपकिरी किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे. पाकळ्यांच्या कडा आधीच तपकिरी झालेल्या असतात. गळलेल्या कळ्या कुंडीत पडू न देता रोज उचलून टाकणं हा निम्मा उपाय. दुहेरी पाकळ्यांच्या जातीत कळ्या गळण्याचं प्रमाण एकेरीपेक्षा जास्त असतं. थंड जागेसाठी निवड करायची असेल तर एकेरी लाल किंवा गुलाबी, जुन्या धाटणीची जात घ्या. मोठ्या, तीन-तीन रंगांच्या संकरित जातींची मुळं बऱ्याचदा नाजूक असतात, म्हणूनच त्या कलम करून विकतात.

आणि खत. ‘फुलांसाठी’ म्हणून जे खत मिळतं त्यात पुष्कळदा स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असतं, हाडांच्या चुऱ्यातही तेच. जास्वंदीला स्फुरद बेताचं आणि पालाश (पोटॅशियम) जास्त लागतं. जादा स्फुरद लोह घेण्यात आडवं येतं. वाढीच्या दिवसांत पालाश जास्त असलेलं पातळ खत थोडं थोडं, दर आठ-पंधरा दिवसांनी, ओल्या मातीत. गारठा सुरू झाला की बंद.

मुळात फुलं उशिरा का येतात?

इथे माझ्या मते खरी मेख आहे, कारण कळ्या थंडीत सापडतात त्या उशिरा आल्यामुळेच. जास्वंद नव्या फुटव्यावर फुलते. शेंडा छाटल्यापासून त्या फुटव्यावर फूल उमलायला उबदार हवेत साधारण दोन ते तीन महिने जातात, आणि गार हवेत त्याहून जास्त. उन्हाळा जिथे तीन-चार महिन्यांचाच, तिथे बाहेर हवा उबदार झाल्यावर सगळं झाड एकदम छाटलं तर फुलांचा अर्धा हंगाम कात्रीतच गेला. छाटणी हिवाळ्याच्या शेवटी, कुंडी अजून घरात असताना आणि दिवस मोठे व्हायला लागले की करा. डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर, आणि डोळा बाहेरच्या दिशेने बघणारा निवडा. फार वाढलेलं झाड असेल तर दोन टप्प्यांत: एक तृतीयांश फांद्या आधी, बाकीच्या महिनाभराने. म्हणजे काही फांद्या लवकर फुलतात आणि काही मागून येतात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात छाटू नका. त्यातून निघालेला कोवळा फुटवा थंडीच्या तोंडी जातो.

दुकानातून आणलेलं बुटकं, गोल, फुलांनी गच्च झाड दुसऱ्या वर्षी लांबट आणि विरळ झालं, ही तक्रारही बरीच ऐकू येते. कुंडीतली जास्वंद बुटकी ठेवण्यासाठी उत्पादक वाढ रोखणारी द्रव्यं वापरतात. त्यांचा असर उतरला की झाड आपल्या मूळ अंगाने वाढतं. तुमचं काही चुकलेलं नसतं.

घरात आणणं आणि हिवाळा

घरात आणायची वेळ कॅलेंडर ठरवत नाही, रात्रीचा पारा ठरवतो. रात्री सलग १०-१२ अंशांवर यायला लागल्या की आणा, आणि शक्यतो घरातले हीटर सुरू होण्याआधी, म्हणजे कोरड्या हवेचा आणि कमी उजेडाचा धक्का एकदम बसत नाही. आणण्याआधी पानांच्या खालच्या बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा. पांढरी माशी, मावा, पिठ्या ढेकूण, सगळे तिथेच लपून आत येतात.

आत दोन रस्ते आहेत. उजेडाची खिडकी आणि १६ ते १८ अंश मिळत असतील तर झाड हळूहळू वाढत राहील, एखाददुसरं फूलही देईल. तेवढा उजेड नसेल तर उबेला ठेवून त्याची फरफट करण्यापेक्षा १० ते १२ अंशांच्या, थोडा उजेड असलेल्या खोलीत झोपवलेलं बरं. तिथे बरीच पानं जातील, वाढ थांबेल, आणि पाणी इतकंच की गड्डा पूर्ण कोरडा पडू नये. सगळ्यात वाईट तो मधला मार्ग: उबदार दिवाणखाना, खिडकीपासून लांबचा कोपरा आणि रोज पेलाभर पाणी. उबेमुळे झाड वाढू बघतं, उजेडाअभावी फिकट, लांब कोंब काढतं, आणि तेच कोंब किडीला सगळ्यात आधी आवडतात.

पाणी कधी द्यायचं हे कुंडी उचलून वजनावरून ठरवा. कोरडी किती हलकी लागते हे हाताला एकदा कळलं की बोट घालायचीही गरज राहत नाही. नळाचं बर्फासारखं पाणी थेट घालू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बशीत साचलेलं ओतून टाका. थंड फरशीवर किंवा काचेला टेकून कुंडी ठेवू नका. खाली लाकडी पाट किंवा थर्माकोलचा तुकडा पुरतो.

हीटरच्या हवेत लाल कोळी हमखास येतो. पानांवर बारीक फिकट ठिपके, आणि पान उजेडासमोर धरलं तर खाली कोळिष्टकाचे धागे. आठवड्यातून एकदा पानं खालून धुतली तर तो फारसा पसरत नाही. कडुनिंबाचं तेल किंवा साबणाचं पाणी फवारायचं तर संध्याकाळी, आणि आधी एका फांदीवर घेऊन बघा, काही जातींची पानं त्यानेही गळतात. पिठ्या ढेकणासाठी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक ठिपका पुसणं कंटाळवाणं आहे, पण फवारणीपेक्षा खात्रीचं.

जमिनीत लावलेली असेल तर

जिथे जमीन खोलवर गोठते तिथे हा हट्ट धरू नये. जिथे हिमदव अधूनमधून आणि हलकं पडतं, तिथे जमते: दुपारचं ऊन खाणारी भिंत, उतारावरची निचऱ्याची जागा, आणि बुंध्याशी सुक्या पानांचा किंवा पेंढ्याचा हातभर थर, बुंध्याला चिकटू न देता. कडाक्याच्या रात्री जुनी चादर किंवा बागेचं पातळ कापड जमिनीपर्यंत सोडून झाका, म्हणजे जमिनीची ऊब आत राहते. प्लास्टिक पानांना टेकलं तर त्या ठिकाणी पान गोठतं, म्हणून ते वापरायचंच तर काठ्यांवर, आणि सकाळी काढून.

वरचं सगळं काळं पडलं तरी लगेच कापायला धावू नका. थंडी पूर्ण सरल्यावर नखाने साल खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर तो भाग जिवंत. तपकिरी, कोरडं असेल तर थोडं खाली जाऊन पुन्हा खरवडा, आणि हिरवं लागेल तिथे छाटा. कलमी झाडात मात्र बघा की नवा कोंब जोडाच्या वरून येतोय की खालून. खालून आला तर फूल मूळ खुंटाचं, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या झाडाचं, येईल, तुम्ही निवडलेल्या जातीचं नाही.

आणि उन्हाळ्याच्या मध्यात, झाड जोमात असताना, बोटभर लांबीच्या अर्धवट पिकलेल्या (अगदी कोवळ्या नाहीत, पण पूर्ण लाकूडही झालेल्या नाहीत अशा) तीन-चार काड्या काढून ठेवा. खालची पानं काढायची, वरची दोन अर्धी कापायची, ओलसर परलाइट आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्या मिश्रणात खोचायच्या आणि पारदर्शक पिशवीने झाकून २१ ते २४ अंशांच्या जागी, थेट उन्हाबाहेर ठेवायच्या. मुळं धरलेली अशी रोपं हिवाळ्यात खिडकीच्या कट्ट्यावर सहज मावतात, आणि मोठं झाड दगावलं तर वसंतात त्यांच्यापासून पुन्हा सुरुवात करता येते.